नाताळचं झाड बघायला मुंबईत कुठे जायचं? लोअर परळ, वांद्रे की गिरगाव

डिसेंबर लागला की नाशिकहून माझ्या भावजयीचा फोन ठरलेला. "ताई, आम्ही येतोय. पोरांना ते मोठ्ठं झाड बघायचंय. आई पण आहेत बरोबर. एकच संध्याकाळ मिळेल, कुठे नेऊ?" पहिल्या वर्षी मी पटकन एक नाव सांगून मोकळी झाले आणि सगळ्यांचेच हाल झाले. तेव्हापासून मी आधी उलटा प्रश्न विचारते: बरोबर कोण कोण आहे? चार वर्षांचं पोर असेल तर एक जागा, गुडघे धरलेली आई असेल तर दुसरी, कॉलेजातली भाची असेल तर तिसरी. गेली सात-आठ वर्षं पाहुण्यांना घेऊन या सगळ्या जागा फिरले आहे. कुठे काय मिळतं आणि कुठे काय सोसावं लागतं, ते इथे मांडते. निवड तुमची.

आधी एक खुलासा. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एकच मोठं झाड उभं राहतं. १९४७ पासून नॉर्वे ते दरवर्षी भेट पाठवतं आणि अख्खं शहर ते बघायला येतं. आपली मुंबई महाराष्ट्राची राजधानी, पण तसं गावाचं एक झाड इथे नाही. इथला नाताळ विखुरलेला आहे. मोठं झाड मॉलमध्ये, गर्दी आणि रोषणाई वांद्र्यात, आणि जुनं घरगुती नाताळपण गिरगाव-माझगावच्या वाड्यांमध्ये. ही तिन्ही एका संध्याकाळी उरकायला गेलात तर ट्रॅफिकखेरीज काही दिसणार नाही.

लोअर परळ: झाडच बघायचं असेल तर

"मोठं झाड" म्हणताना मुलांच्या डोळ्यांसमोर जे असतं, ते लोअर परळच्या फिनिक्सच्या आवारात मिळतं. जुन्या फिनिक्स मिलच्या जागेवरचा हा मॉल. मधल्या चौकात दरवर्षी काही मजले उंच झाड उभं करतात. सजावटीची कल्पना दर वर्षी वेगळी, दिवे भरपूर, आणि समोर उभं राहून मान वर केली की लहान मूल खरोखर गप्प होतं. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉललाही सजावट मोठी असते आणि आता मेट्रो ३ थेट बीकेसीला जात असल्यामुळे तिथे पोचणंही सोपं झालं आहे. पण दोन्हींत माझं मत फिनिक्सकडे झुकतं. लोअर परळ आणि करी रोड ही पश्चिम आणि मध्य रेल्वेची दोन्ही स्टेशनं चालत गाठता येतात. कल्याण-डोंबिवलीकरांना आणि विरार-बोरिवलीकरांना एकाच ठिकाणी भेटायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही.

मॉलची खरी जमेची बाजू वेगळीच आहे. स्वच्छतागृह, लिफ्ट, बसायला जागा. सत्तरीच्या पुढच्या माणसाला घेऊन फिरणाऱ्याला विचारा या तीन गोष्टींची किंमत. प्रवेशाला पैसे नाहीत, खर्च होतो तो खाण्यावर. भूक लागलेल्या पोरांना घेऊन तिथल्या फूड कोर्टात शिरलात तर चौघांच्या बिलात गिरगावात दोन दिवस जेवण होईल. म्हणून मी घरून पोळीचे रोल करून नेते आणि स्टेशनवरच खायला घालते.

झाड प्लास्टिकचं असतं हे मोठ्यांना माहीत असतं, मुलांना नसतं. माझा भाचा पाच वर्षांचा असताना झाडाला घातलेल्या दोरीपाशी गुडघ्यावर बसला आणि खालच्या फांद्यांमधून आत डोकावला. आत लोखंडी कड्यांचा शंकू, खाली मोठी, वर लहान होत गेलेली कडी, त्यांना काळ्या पट्ट्यांनी बांधलेल्या हिरव्या फांद्या, आणि तळाशी वजनाला ठेवलेल्या वाळूच्या गोण्या. "आत्या, हे झाड आतून मांडव आहे," तो म्हणाला. त्याला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. गणपतीचा मांडव उभा राहताना त्याने बघितलेला होता, त्यामुळे उलट ओळखीचं काही सापडल्याचा आनंद झाला. तुमच्याही मुलांना ती आतली बाजू बघू द्या. हे उभं करायला माणसं रात्रभर राबलेली असतात.

एका गोष्टीची काळजी मात्र जरूर घ्या. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका मॉलमध्ये २४ तारखेच्या संध्याकाळी हाच भाचा माझ्या हातून सुटला. दहा-बारा मिनिटं असतील, पण ती मी अजून विसरले नाही. गाणी इतकी मोठ्याने चालू होती की माइकवरून पुकारलेलं त्याचं नाव मला स्वतःलाच ऐकू आलं नाही. शेवटी तो सरकत्या जिन्यापाशी एका सुरक्षारक्षक ताईंचा हात धरून उभा दिसला. तेव्हापासून मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते, आणि आत शिरताना "हरवलो तर इथे यायचं" म्हणून एक जागा बोटाने दाखवून ठेवतो. शनिवार-रविवार, २४ आणि २५ हे दिवस मॉलसाठी टाळाच. मॉलची झाडं डिसेंबरच्या सुरुवातीपासून उभी असतात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातल्या मंगळवारी दुपारी चारला गेलात तर झाड तेच आणि समोर निवांत जागा. दिवे लागेपर्यंत थांबा आणि साडेसातच्या आत निघा.

वांद्रे: झाडापेक्षा माहोल

वांद्र्याला झाड बघायला जायचं नसतं, रस्ता बघायला जायचं असतं. हिल रोडवर डिसेंबरभर स्टॉल लागतात. कागदी चांदण्या, झाडाला टांगायचे गोळे, आणि येशूजन्माच्या गोठ्यात मांडायची मातीची किंवा प्लास्टरची चित्रं: मारिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव, उंटावरचे तीन राजे. आपण दिवाळीत कंदील घ्यायला जसे एका दुकानातून दुसऱ्यात फिरतो, तसंच इथे चालतं. एकेक बाई हातातल्या पिशवीतून घरच्या जुन्या संचातला मेंढपाळ काढून त्याच्या उंचीशी जुळणारी मेंढी शोधत असते.

स्टेशनवरून हिल रोडने चालत निघालात की आधी सेंट पीटर्स चर्च, मग सेंट अँड्र्यूज. सेंट अँड्र्यूज जेझुइटांनी १५७५ च्या सुमारास बांधलेलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं. तिथून पुढे चढ लागतो आणि वर माउंट मेरी, आपल्या कोळी बायकांची मोतमाउली. आजची इमारत १९०४ ची, पण भक्ती तिच्याहून कितीतरी जुनी. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहायला मुंबईतल्या मराठी घरांतल्या कित्येक आज्या गेलेल्या आहेत. आमच्या आईनेही धाकट्याच्या पायाच्या दुखण्याला तिथे मेणाचा पाय वाहिलेला आहे. नाताळात ती जागा जत्रेपेक्षा शांत असते आणि मला तशीच आवडते. मात्र चढ आणि पायऱ्या आहेत. आईला चालत नेऊ नका, स्टेशनवरून थेट वरपर्यंत रिक्षा करा.

मुलींना, कॉलेजच्या पोरांना वांद्रे हवंच असतं. गल्लीबोळांतून फिरायचं तर रानवार आणि चिंबई ही जुनी गावठाणं बघा. ठेंगण्या कौलारू घरांवर एकेक चांदणी लटकलेली असते आणि दारातल्या क्रुसाला झेंडूचा हार. झेंडूच. आपल्याकडचा नाताळ कसा असतो हे या एका हारावरून कळतं. रेक्लमेशनच्या प्रोमनेडवर गेली काही वर्षं मोठी रोषणाई होते. दिव्यांच्या कमानी, फोटोला जागा, प्रवेश फुकट. फोटो छान येतात, हे मान्य. पण तिथली गर्दी नाताळाच्या आठवड्यात अंगावर येते आणि वाहनं तासन्‌तास हलत नाहीत. माझ्या हिशेबात तो अर्धा तास रानवारच्या गल्लीत घालवलेला बरा.

२४ च्या संध्याकाळी हिल रोडला गाडी घालूच नका. लोकलने या, चालत फिरा, आणि परतताना शेवटच्या गाड्यांवर विसंबू नका. वांद्र्याची उणीव म्हणाल तर ही: फिरणं भरपूर, बसणं कमी, आणि स्वच्छतागृहासाठी कुठल्या तरी हॉटेलात काहीतरी मागवावं लागतं. खाण्याचं मात्र सुख आहे. हिल रोडच्या आसपासच्या बेकऱ्यांत प्लम केक मिळतो. तो २३ तारखेच्या आत घ्या, नंतर रांगेत उभं राहूनही हवा तो मिळत नाही.

गिरगाव: घरातला नाताळ

आता माझ्या मनातलं. मी गिरगावात वाढले, तेव्हा इथे माझा कल झुकणार हे गृहीत धरून वाचा.

चर्नी रोडला उतरून पूर्वेला आलात, किंवा आता मेट्रो ३ च्या गिरगाव स्टेशनातून वर आलात, की काही मिनिटांत खोताची वाडी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदाराने ही वसवली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांना इथे जागा दिल्या. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, रंगीत कठडे, उतरत्या कौलांची घरं. एके काळी अशी पासष्ट होती, आता तीससुद्धा उरलेली नाहीत. बाकीच्यांच्या जागी टॉवर आले किंवा येत आहेत. म्हणून मी कळकळीने सांगते, मॉलचं झाड पुढच्या वर्षीही याहून मोठं असेल, इथलं प्रत्येक घर पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

"ईस्ट इंडियन" ऐकून बाहेरची माणसं गोंधळतात. ही माणसं मुंबई-साष्टी-वसईची मूळची, आणि घरात बोलतात ती मराठीचीच बोली. नोकरीसाठी आलेल्या गोव्या-मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. तेव्हा मुलांना "परदेशी सण बघायला चला" असं सांगून इथे आणू नका. हा शेजारच्या घरातला सण आहे.

इथे झाड मोठं नसतं. एखाद्या सज्जात कमरेएवढं, एखाद्या अंगणात कुंडीतलं. पूर्वी सुरूची फांदी आणून कुंडीत रोवायचे आणि तिला कापसाचं बर्फ लावायचे, ते मला चांगलं आठवतं. इथे बघायचा तो गोठा. झाडाची चाल युरोपातून फार उशिरा सगळीकडे पसरली. गोठा त्याहून खूप जुना. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल, खरं गाढव आणि पेंढ्याची गव्हाण मांडून येशूजन्माचा देखावा केला, तिथून ही प्रथा रुजली.

आणि आपल्याकडच्या गोठ्यात हिरवळ कशी करतात, ते जवळ जाऊन बघा. पत्र्याच्या उथळ डब्यात किंवा बशीत ओली माती घालून नाचणी पेरतात. आठ-दहा दिवसांत बोटभर उंच, दाट, पोपटी गवत उभं राहतं. रोज हाताने पाणी शिंपडायचं, ऊन फार लागू द्यायचं नाही. त्या गवतात मेंढ्या उभ्या करायच्या, मधून आरशाच्या तुकड्याचं तळं, आणि मागे डोंगर म्हणून चुरगाळलेला खाकी कागद. नवरात्रात घट बसवणाऱ्या कोणालाही हे बघताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या चाळीतून दिवाळीत फराळाचं ताट एका ईस्ट इंडियन मावशींकडे जायचं आणि नाताळात त्यांच्याकडून ताट यायचं. ताट रिकामं कधी परत गेलं नाही. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, सारणात थोडा फरक. कलकल हा प्रकार मात्र आमच्याकडे नव्हता. कणकेची सुपारीएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून चपटी करायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, की शंखासारखी वळी होते. ती तळून साखरेच्या पाकात घोळायची. सुट्टीत आम्ही मुली त्यांच्या ओट्यावर बसून कलकल वळायचो, आणि ज्या मुलीचा कंगवा नवा नसेल तिला मावशी हात लावू द्यायच्या नाहीत.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. ही वाडी म्हणजे प्रदर्शन नाही, लोकांची राहती घरं आहेत. गल्लीत फिरायला कोणी अडवत नाही, पण खिडकीतून कॅमेरा आत घालणं, जिन्यावर चढून फोटो काढणं, रात्री मोठ्याने बोलणं यांचा तिथल्या लोकांना खरोखर त्रास होतो. चार-पाच जणांनी जा, वीस जणांचा घोळका नको. कोणी दारात उभं असेल तर "हॅपी ख्रिसमस"ऐवजी मराठीत "नाताळच्या शुभेच्छा" म्हणून बघा. चेहरा कसा उजळतो ते दिसेल.

गैरसोयीही सांगते. सार्वजनिक स्वच्छतागृह जवळ नाही, बसायला बाक नाहीत, आणि रोषणाई डोळे दिपवणारी नाही. "एवढंच?" असं मुलांनी विचारलं तर नवल नाही. सहा वर्षांखालची मुलं असतील तर मी फिनिक्स सांगते, गिरगाव नाही. पण आठ-दहा वर्षांच्या पुढचं, प्रश्न विचारणारं मूल असेल तर गिरगावच. त्याच फेरीत केशवजी नाईकांची चाळही होते, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. भूक लागली तर ठाकूरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ. खोताच्या वाडीतली अनंताश्रमची खानावळ बंद झाली, तिच्या माशांच्या आठवणी काढणारी माणसं मात्र अजून भेटतात.

चर्चगेटचं चर्च

गिरगावला जोडून फोर्ट करा. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचं, तो चर्चगेट. किल्ला पाडला गेला, दरवाजा गेला, नाव राहिलं आणि स्टेशनला चिकटलं. रोज चर्चगेट लोकलने जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांना हे चर्च कुठे आहे ते माहीत नव्हतं. आत गारवा, उंच छत, भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला, आणि बसायला बाक. थकलेल्या आईला अर्धा तास शांत बसवायला याहून चांगली जागा फोर्टात मला सापडलेली नाही. पुढे कुलाब्याला रीगलजवळ होली नेम कॅथीड्रल आहे. १९०५ साली पूर्ण झालेलं, मुंबईच्या आर्चबिशपांचं चर्च. आतल्या छतावरची आणि भिंतींवरची चित्रं बघताना मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं.

चर्चमध्ये कोणीही जाऊ शकतं. चपला काढायची पद्धत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर मागे शांत बसा, फोटो नकोत. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात, तो आपल्याकडच्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नव्हे, ते ख्रिस्तशरीर. दीक्षा झालेल्या श्रद्धावंतांनीच ते घ्यायचं असतं. आपण जागेवर बसून राहायचं. हे माहीत नसल्यामुळे भल्या मनाने रांगेत उभी राहिलेली माणसं मी बघितली आहेत आणि मग दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं.

बाकीच्या जागा, थोडक्यात

माझगावची म्हातारपाखाडी खोताच्या वाडीची बहीण म्हणावी अशी. तिथे गर्दी आणखी कमी. वाटेत भायखळ्याचं ग्लोरिया चर्च बघता येतं. ज्यांचं गिरगाव बघून झालंय त्यांनी माझगाव करावं.

जिवंत झाड बघायचा हट्ट असेल तर वरळीच्या आदर्शनगरात एका घराच्या अंगणात ऑरोकेरियाचं खूप उंच झाड आहे आणि नाताळात ते सजवतात. रस्त्यावरून बघायचं, घरच्यांना त्रास द्यायचा नाही. आपल्याकडे नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून मिळतो तो बहुधा ऑरोकेरियाच, मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. त्यातल्या कूक पाइन या जातीची एक गंमत आहे. ती जगात कुठेही लावली तरी विषुववृत्ताकडे कलते. २०१७ मध्ये संशोधकांनी पाच खंडांतली २५६ झाडं मोजली तेव्हा सरासरी कल साडेआठ अंशांच्या आसपास भरला. म्हणजे आपल्याकडची झाडं दक्षिणेकडे कलणार. एखाद्या चर्चच्या आवारात असं तिरकं झाड दिसलं तर मुलांना विचारा, दक्षिण कुठली? माझा भाचा हा खेळ आता नाशिकच्या बागांतही खेळतो.

वसईला जायचं तर अख्खा दिवस काढा, संध्याकाळ पुरत नाही. पण मराठीतली मिस्सा आणि मराठी नाताळगीतं कानांनी ऐकायची असतील तर वसईच. आणि खरेदीच करायची असेल तर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. झाडं, गोळे, चांदण्या सगळं तिथे वांद्र्यापेक्षा स्वस्तात मिळतं, घासाघीस करायची तयारी ठेवा. दिव्यांच्या माळांसाठी शेजारची लोहार चाळ.

कधी जायचं, हे कुठे जायचं याइतकंच महत्त्वाचं

२४ च्या रात्रीआधी गेलात तर बहुतेक गोठ्यांतली गव्हाण रिकामी दिसेल. मूर्ती चोरीला गेली असं समजू नका. बाळ येशू २४ च्या रात्रीच्या मिस्सेच्या वेळी ठेवतात. मुलांना गोठा दाखवायचा असेल तर २५ नंतर जा, नाहीतर "बाळ कुठाय?" हा प्रश्न परतीच्या प्रवासभर चालेल. "मध्यरात्रीची मिस्सा" हे नाव ऐकून बाराला पोचू नका. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते, त्यामुळे कित्येक चर्चमध्ये उघड्यावरची मिस्सा त्याआधीच आटोपते. वेळ त्या त्या चर्चच्या फळ्यावर लिहिलेली असते.

सगळ्यात चांगले दिवस म्हणाल तर २६ ते ३० मधला कुठलाही कामाचा दिवस. सजावट पूर्ण, गोठे भरलेले, गर्दी ओसरलेली. ३१ ला वांद्रे-माझगावच्या गल्ल्यांत मुलं जुन्या कपड्यांत पेंढा भरून "ओल्ड मॅन" बनवतात आणि मध्यरात्री सरत्या वर्षाला निरोप म्हणून जाळतात. होळी बघितलेल्या पोरांना तो फार आवडतो, पण ३१ ची रात्र लहान मुलांना आणि आईला घेऊन बाहेर काढायची नाही, हा माझा नियम. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो. जुन्या घरांतले गोठे तोवर असतात, तेव्हा डिसेंबर हुकला तरी गिरगाव हुकत नाही. मॉलची झाडं तोपर्यंत उतरवायला लागलेले असतात.

भावजयीला मी यंदा काय सांगितलं, तेही लिहिते. ते २७ ला पंचवटीने येणार आहेत, म्हणजे सकाळीच सीएसएमटी. तिथून टॅक्सीने सेंट थॉमस, आई तिथे निवांत बसेल. दुपारी माझ्याकडे जेवण आणि झोप. चारला धाकटीला घेऊन तिचा बाबा फिनिक्सला जाईल, ती अजून पाच वर्षांची आहे आणि तिला उंच झाडच हवंय. आई, मोठा भाचा आणि मी गिरगावला.

मागच्या वर्षी आई तिथल्या एका घराच्या पायरीवर टेकली होती. आतून एक बाई बाहेर आल्या, त्यांनी खुर्ची दिली आणि दोघी चाळीस वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या वेळांबद्दल बोलत बसल्या. भाचा सज्जातल्या गोठ्यापाशी होता. २२ तारीख होती, गव्हाण रिकामी. त्याने नाचणीच्या गवतावरून अलगद तळहात फिरवला आणि ओरडून आजीला विचारलं, "आजी, हे आपल्या घटाचं इथे कोणी आणलं?" त्या बाई हसल्या, आत गेल्या आणि डब्यातली उरलेली मूठभर नाचणी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. घरी जाऊन त्याने ती पेरली. यंदा त्याच गवताचा एक डबा घेऊन तो येतोय, त्यांच्या गोठ्यात ठेवायला.